औषधाला बांधून दिलेले उत्पन्न : बेळगाव-निपाणी सीमाभागातील गरिबांच्या औषधोपचाराचा इतिहास

दख्खनच्या इतिहासात गरिबांच्या औषधाचा खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नाला एक स्पष्ट उत्तर पंधराव्या शतकात मिळालेले दिसते. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा दुसरा (कारकीर्द १४३६ ते १४५८) याने बीदर येथे दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय, बांधले. इतिहासकार फरिश्ता याने त्याची नोंद करताना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत. पहिली, या रुग्णालयात मुस्लिम हकीम आणि हिंदू वैद्य असे दोन्ही नेमले होते. दुसरी, रुग्णांच्या अन्नासाठी व औषधासाठी काही गावांचे उत्पन्न तोडून दिले होते. आपल्याकडील इतिहासलेखनात पहिल्या गोष्टीचा उल्लेख वारंवार होतो आणि तो व्हावयासही हवा. परंतु प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सुलतानाच्या मर्जीवर किंवा एखाद्या सणाच्या खैरातीवर ते औषध अवलंबून नव्हते. त्याच्यामागे गावे होती, गावांमागे पीक होते, आणि ते उत्पन्न दुसरीकडे वळवावयाचे नव्हते. वक्फच्या कल्पनेचा गाभा हाच आहे : मूळ मालमत्ता अडकवून ठेवावयाची आणि तिचे उत्पन्न ठरलेल्या कामालाच लावावयाचे.

याच बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली बेळगावचा किल्ला जिंकला. पुढे हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत आला. फरिश्ता स्वतः विजापूरच्या दरबारी होता आणि वैद्यकाचा जाणकार होता. भारतीय वैद्यकावर त्याने फार्सीत 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा ग्रंथ लिहिला. तेव्हा रुग्णालयाच्या नोंदीत त्याने औषधाच्या खर्चाची तजवीज लिहून ठेवावी, यात नवल नाही. औषध माहीत असणे वेगळे आणि ते रोज्याच्या रोज पुरवणे वेगळे, हे वैद्याला जितके कळते तितके बखरकाराला कळत नाही.

बेळगाव आणि निपाणी या सीमाभागाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास याच एका प्रश्नाने तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. गरिबाच्या औषधामागे निश्चित उत्पन्न केव्हा होते, आणि केव्हा केवळ कागद होता?

व्हॅक्सिन डेपो

बेळगावच्या टिळकवाडीत 'व्हॅक्सिन डेपो' हे नाव आजही सर्वांच्या तोंडी आहे. सभा, मोर्चे, क्रिकेटचे सामने, सकाळचे फिरणे यांसाठी ते मैदान प्रसिद्ध आहे. पण या नावातील 'व्हॅक्सिन' कोणते, हे नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई इलाख्याच्या सरकारने येथे देवीची लस तयार करणारी संस्था उभी केली. त्यापूर्वी लस बहुधा एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर चढवली जात असे. त्यात इतर रोग पसरण्याची भीती होती आणि कोणाच्या अंगचा रस कोणाला टोचला, याविषयी लोकांच्या मनात किंतुही होता. जनावराच्या कातडीवर वाढवलेली लस आल्याने या दोन्ही अडचणी दूर झाल्या. खेडोपाडी 'देवी डॉक्टर' फिरू लागले. लस टोचून घेणाऱ्याकडून पैसे घेतले जात नसत. खर्च सरकारी तिजोरीतून होई.

स्वातंत्र्यानंतर, १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. उन्हाळ्यात पातळ लस लवकर निकामी होते, म्हणून गोठवून सुकवलेल्या लसीची गरज होती. ही लस देशात ज्या चार ठिकाणी तयार झाली ती ठिकाणे म्हणजे पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. या यशात आपल्या गावाचा वाटा होता, हे बेळगावकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. आम्ही मात्र तेथे फक्त सभा भरवतो!

देवीच्या लसीचे उदाहरण यासाठी घेतले की त्यात गरिबाला काहीही सिद्ध करावे लागले नाही. शिधापत्रिका नाही, दाखला नाही, भाषेची अट नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तरी लसीच्या कुपीला सीमा कळली नाही.

किंमत कोणी ठरवावयाची?

लस सरकारने तयार केली. बाकीची औषधे बाजारात होती. १९११ च्या पेटंट कायद्यामुळे नवी औषधे परदेशी कंपन्यांच्या हातात राहिली. अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने १९६० च्या सुमारास औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा भारतातील किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, असे तिच्या निदर्शनास आले. जगातील गरीब देश आणि जगातील महाग औषधे, अशी ही गाठ होती. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सरकारने किमती जाहीर करण्याचा आदेश काढला आणि १९६३ मध्ये पहिला नियंत्रण आदेश आला. १९७० चा नवा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी काढून ती केवळ बनवण्याच्या पद्धतीपुरती ठेवली. तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवण्याची वाट भारतीय कारखान्यांना मोकळी झाली.

या कारखान्यांत 'सिप्ला'चे स्थान मोठे आहे. अलीगढचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत ही कंपनी स्थापन केली. त्यांचे पुत्र डॉ. युसूफ हमीद यांचा उल्लेख पुढे येईलच.

हाथी समितीने १९७५ साली ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली आणि औषधे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने विकण्याकडे जाण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी त्यानंतर, १९७७ मध्ये आली, हे लक्षात घ्यावे. शेजारच्या बांगलादेशाने डॉ. जफरुल्ला चौधरी यांच्या आग्रहाने १९८२ मध्ये अत्यावश्यक औषधांचे धोरण अमलात आणले. आपल्याकडे प्रवास उलट झाला. १९७९ च्या आदेशात ३४७ औषधे किंमत नियंत्रणाखाली होती. १९८७ मध्ये १४२ राहिली आणि १९९५ मध्ये ७४. यादी पुन्हा वाढली ती २०१३ च्या आदेशाने, पण तेव्हा किंमत उत्पादन खर्चावरून नव्हे, तर बाजारातील सरासरीवरून ठरू लागली.

निपाणी : हजार विड्यांमागे औषध

निपाणी हे तंबाखूचे गाव. पुणे-बंगळूर महामार्गावर, कोल्हापूरच्या अगदी जवळ. गावाचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. गाव मात्र कर्नाटकात. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली होती, ती अमलात आली नाही. १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मृत्यू पावले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील ते आंदोलन सर्वांना ठाऊक आहे. वखारीतील बायकांचा लढा त्या मानाने कमी ठाऊक आहे.

तंबाखूच्या वखारीत चाळणे, पाखडणे, भरणे ही कामे स्त्रिया करीत. धूळ नाकातोंडात जाई. खोकला, दमा, मळमळ, डोळ्यांची आग ही रोजची दुखणी. दुसरीकडे घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया होत्या, त्यांत मुस्लिम आणि दलित कुटुंबांतील मोठ्या संख्येने. मांडीवर सूप, सुपात पाने आणि जर्दा, आणि हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांना संघटित केले. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर माहितीपट काढला, डॉ. अनिल अवचट यांनीही या कामगारांवर लिहिले.

आजाराच्या दृष्टीने या कामगार स्त्रीची स्थिती अशी होती की तिच्या मजुरीत औषधाला जागाच नव्हती. दोन दिवस अंगावर काढावयाचे, तिसऱ्या दिवशी सुई घेऊन कामाला लागावयाचे. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तर दोन दिवसांच्याच घ्यावयाच्या. अपुऱ्या गोळ्यांनी क्षय दबतो आणि पुन्हा उफाळतो. औषधाच्या दुकानातून 'अर्धी चिठ्ठी' घेणाऱ्या माणसाला आपण अडाणी समजतो. वास्तविक तो हिशेबी असतो.

या पार्श्वभूमीवर १९७६ चे दोन केंद्रीय कायदे पाहिले पाहिजेत. विडी कामगार कल्याण उपकर कायदा आणि विडी कामगार कल्याण निधी कायदा. कारखान्यात तयार होणाऱ्या विड्यांवर दर हजारी उपकर बसवावयाचा आणि तो पैसा विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी, घरांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी खर्च करावयाचा, अशी ही रचना होती. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण संघटनेमार्फत विडी उद्योगाच्या प्रदेशांत दवाखाने निघाले. बीदरच्या दारुश्शिफेला जशी गावे तोडून दिली होती, तसा येथे विडीचा एक अंश तोडून दिला होता. ज्या धंद्याने छाती पोखरली त्याच धंद्याने औषधाचा खर्च सोसावा, हा त्यातील न्याय. सुलतानाच्या दानापेक्षा तो एका अर्थाने पुढचा आहे, कारण येथे कामगार स्वतःच्या श्रमातून आपले औषध कमावीत होती.

मग अडले कोठे? अडले ते कागदावर. दवाखान्यात जाण्यासाठी ओळखपत्र हवे, आणि ओळखपत्रासाठी ती अमुक मालकाची कामगार आहे असे कोणीतरी लिहून द्यावयास हवे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले होते, आणि कर्नाटकातीलच एका विडी कंपनीने नेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो कायदा वैध ठरवला होता. पण मालक आणि कामगार यांच्यामध्ये कंत्राटदार उभा होता. पाने-जर्दा तो देणार, तयार विड्या तो घेणार, वही त्याच्याकडे. एका घरातील सासू, सून आणि मुलगी तिघी विड्या वळत आणि वहीवर नाव एकीचेच असे. बाकीच्या दोघी कायद्याने कामगार होत्या, दवाखान्याच्या दाराशी मात्र कोणीच नव्हत्या. म्हणून निपाणीसारख्या गावात ओळखपत्राची मागणी मजुरीच्या मागणीइतकीच महत्त्वाची ठरली. आमच्या मते विडी कामगारांच्या इतिहासात या मागणीला द्यावयास हवे तेवढे महत्त्व अभ्यासकांनी दिलेले नाही.

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि इतर उपकरांबरोबर विडीवरील उपकरही संपला. दवाखाने व शिष्यवृत्त्या सरकारी अंदाजपत्रकातून चालू राहिल्या. परंतु बांधून दिलेले उत्पन्न गेले. वर्षाला किती रक्कम द्यावयाची हे आता दरवर्षी ठरू लागले. एकेचाळीस वर्षांची ही तजवीज मोडली, तेव्हा सीमाभागात त्याची फारशी चर्चा झाल्याचे दिसत नाही. सीमाप्रश्नावर बोलणारे आपण सर्व जण तेव्हा नेमके कशावर बोलत होतो, हा प्रश्न मनात येतोच.

एक आजार, ज्यात औषध पोहोचले

नव्वदीच्या दशकात उत्तर कर्नाटकात एचआयव्हीचा मोठा प्रादुर्भाव झाला; बेळगाव व बागलकोट हे जिल्हे त्यात ठळक होते. महामार्ग, ट्रकचा धंदा, देवदासी प्रथा आणि पोटासाठी मुंबई-पुण्याकडे होणारी ये-जा यांची ती परिणती होती. रोगावर गोळ्या निघाल्या होत्या, पण त्यांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने माणशी दहा हजार डॉलरच्या वर जात होता. निपाणीच्या वस्तीतील बाईला तो आकडा ऐकून हसूच आले असते.

फेब्रुवारी २००१ मध्ये डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देण्याची तयारी दाखवली. जगभर खळबळ उडाली. १९७० च्या पेटंट कायद्याशिवाय हे शक्य नव्हते. त्यानंतर १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांत हे औषध मोफत देण्यास सुरुवात केली. ज्या राज्यांत प्रारंभ झाला त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होती. टप्प्याटप्प्याने केंद्रे जिल्ह्यांत पोहोचली.

मात्र किंमत उतरली आणि सरकारने खर्च उचलला, एवढ्याने गोळी घरात येत नाही. रुग्णालयात नाव सांगण्याचीच चोरी होती. सांगलीची 'संग्राम' ही संस्था आणि १९९६ मध्ये उभी राहिलेली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांच्या स्त्रियांनी सीमेच्या दोन्ही बाजूंना काम केले. निपाणीत त्यांना झालेल्या उपद्रवाची नोंद 'ह्यूमन राइट्स वॉच'च्या २००२ च्या अहवालात आहे. ज्यांना गाव आपल्या ओट्यावर बसू देत नव्हते त्या स्त्रिया इतरांना दवाखान्यात घेऊन जात होत्या. स्वस्त उत्पादन, सरकारने बांधून दिलेला खर्च आणि सोबतीला येणारे माणूस, अशा तिन्ही गोष्टी जमल्या म्हणून येथे औषध पोहोचले.

कार्डाच्या अलीकडे, पलीकडे

२००० नंतर सरकारांनी गरिबांच्या उपचारासाठी विम्याचा मार्ग धरला. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी २००३ मध्ये यशस्विनी योजना, पुढे वाजपेयी आरोग्यश्री, २०१८ मध्ये आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक. महाराष्ट्रात २०१२ पासून जीवनदायी योजना, तिचेच २०१७ मध्ये झालेले नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. या योजनांनी हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात आणल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यांची घडणच रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. आयुष्मान योजनेत घरी सोडल्यानंतर १५ दिवसांच्या औषधांची सोय आहे. सोळाव्या दिवशी काय? मधुमेह, रक्तदाब, दमा, फेफरे यांची गोळी रोज लागते, जन्मभर लागते, आणि ती विम्याच्या बाहेर राहते. ती न मिळाल्याने पक्षाघात झाला की मग कार्ड उपयोगी पडते!

सीमाभागात यावर आणखी एक पदर आहे. निपाणी-चिकोडीकडचा रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेऐवजी उत्तरेला, कोल्हापूरच्या सी.पी.आर.ला किंवा मिरजेला जात आला. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होते आणि तेथे जाणाऱ्याला कोणी संस्थान वा प्रांत विचारीत नसे. जीवनदायी योजना आली तेव्हा महाराष्ट्राची पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका हवी होती. निपाणीकराची शिधापत्रिका कर्नाटकाची. केंद्राच्या यादीतील कुटुंबांचे आयुष्मान कार्ड पुढे राज्याबाहेरही चालू लागले, पण यादीबाहेर राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न उरला. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने आपण दावा सांगत असलेल्या ८६५ गावांना ही योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि सुमारे ५४ कोटी रुपयांची तरतूद केली. कर्नाटकाने त्याला आक्षेप घेतला. जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव जिल्हा प्रशासनाने अर्ज भरून घेणारी केंद्रे बंद केली. दोन्ही सरकारांनी आपापल्या भूमिकेला धरून पाऊल उचलले, असे म्हणता येईल. परंतु ज्या रुग्णाच्या नावाने हे सारे चालले होते, त्याच्या रोजच्या गोळीचा प्रश्न दोन्हीकडच्या योजनेत नव्हताच, याकडे कोणीही लक्ष वेधले नाही.

रोजच्या गोळीसाठी आजवर दोनच उपाय झाले. एक म्हणजे सरकारी रुग्णालयातून मोफत औषध. तमिळनाडूने १९९५ च्या सुमारास स्वतंत्र महामंडळामार्फत मूळ नावाची औषधे घाऊक खरेदी करून हे करून दाखवले. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून योजना सुरू केली. कर्नाटकातही राज्य महामंडळ औषधे खरेदी करून पुरवते. दुसरा उपाय जनऔषधी दुकानांचा. केंद्राने २००८ च्या नोव्हेंबरमध्ये अमृतसरला पहिले दुकान उघडले. २०१५ नंतर त्यांचा विस्तार झाला. मूळ नावाची तीच गोळी येथे नामांकित ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते.

हे दोन उपाय एकमेकांना पूरक ठरावयास हवे होते. मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी रुग्णालयांच्या आवारातील जनऔषधी दुकाने बंद करण्याचा आदेश काढला. कारण असे दिले की रुग्णालयात औषध मोफतच मिळते, मग त्याच आवारात विकत का घ्यावे? तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे. पण सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर 'ही गोळी संपली आहे' हे उत्तर ज्याने ऐकले आहे, त्याला आवारातील दुकान आणि रस्त्यापलीकडचे खासगी दुकान यांतील फरक कळतो. दुकानदारांनी न्यायालयात धाव घेतली आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने आदेशाला स्थगिती दिली. या वादात राज्य आणि केंद्र यांचे म्हणणे वृत्तपत्रांत सविस्तर आले. खिडकीवरील गोळी कोणत्या महिन्यात किती दिवस संपलेली असते, याची नोंद मात्र प्रत्येक रुग्णालयाच्या साठा-वहीत असते. ती वही मागण्याचा अधिकार २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला आहे, आणि बेळगाव जिल्ह्यातील आपल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेण्यासारखे आहे.